श्वास कोणी दिला, त्याचे नाव मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
सावित्री खोरे कला व विज्ञान महाविद्यालय,
महाड, जि. रायगड.

अर्जदार : हैबती रामजी ढेबे, वय ६६, निवृत्त कोतवाल. धंदा गुरे व शेती. शाहीर (सध्या बंद).
राहणार मौजे कोंडमाळ, वरची वाडी, ता. पोलादपूर.

विषय : दि. ७ जानेवारी २००१ रोजी मला तोंडाने श्वास देऊन जिवंत करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचे नाव येत्या गौरी-गणपतीपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, सन २००१, २००२ व २००३.
२) त्यांवरील आपली उत्तरे : "नोंद घेतली", "योग्य ती कार्यवाही चालू आहे" व "सोबत सर्वेक्षणाची प्रत जोडली आहे".

महोदय,

१. "हैबती! ए हैबती! घे रे, श्वास घे!" ही हाक मी साडेतीन वर्षांपूर्वी ऐकली. ती अजून माझ्या कानात आहे. गोठ्यात गाय हलली की गळ्यातली घंटा वाजते, आणि गाय चरायला गेली तरी रिकाम्या गोठ्यात ती वाजल्यासारखी वाटते, तशी. हाक कोणाची हे मला ठाऊक नाही. तेवढेच कळावे म्हणून हा चौथा अर्ज सादर करीत आहे. तीस वर्षे मी सरकारी कागद वाडीवाडीवर पोचवले. कागद उशिरा पोचतो हे मला मान्य आहे. परंतु तो पोचतो, असा माझा अनुभव आहे.

२. आपण नव्याने रुजू झाल्याचे कळते, सबब हकीकत पुन्हा लिहितो. सन २००१ च्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्या वाडीत दहा दिवस होते. मुलांनी ओढ्यावर सिमेंटच्या गोण्यांचा बंधारा घातला. बंधारा पहिल्या पावसातच गेला, मुलांची माया मात्र राहिली. शेवटच्या दिवशी सकाळी प्रा. ललिता मॅडम यांनी, माणूस पडला, श्वास थांबला तर काय करावे, याचे शाळेच्या पडवीत प्रात्यक्षिक दिले. त्यासाठी गोणपाटाचा एक बाहुला शिवला होता. पोटात फुटबॉलचे ब्लॅडर, तोंडात रबरी नळी. आधी मोठ्याने हाक मारून हलवा, मदतीला बोलवा, डोके मागे करा, नाक दाबा, दोन श्वास द्या, मग छाती पंधरा वेळा दाबा, असे मॅडमनी फळ्यावर लिहिले व साठ मुलांनी वहीत उतरवले. मी त्या वेळी गुरांना पाणी दाखवायला गेलो होतो. जे माझ्या अंगावर येणार होते ते शिकायला मी हजर नव्हतो, ही चूक माझी.

३. दुपारी चार वाजता समारोप होता. माझ्या नाचमंडळाचे गाणे ठेवले होते. मंडपात चप्पल घालून जायचे नाही म्हणून मी पाय धुतले, आणि ओल्या पायांनी उभा राहून पोलादपूरहून आणलेला माईक धरला. पहिले नमन झाले. दुसरे नमन मी पुरे म्हटले की नाही ते मला सांगता येत नाही, कारण माईकमध्ये वीज उतरली होती. लोक म्हणतात की मी "आई" म्हणून पडलो. दुसरे नमन आईलाच आहे, त्यामुळे ते गाणे होते की ओरडणे, याबद्दल वाडीत अद्याप दोन मते आहेत. श्वास बंद झाला, तोंड निळे पडले. आणि मग वरील कलम १ मधील हाक.

४. शुद्धीवर आल्यावर आठ दिवस विश्रांती घेऊन मी चौकशीस लागलो. कोतवालाची सवय, साहेब. जागेचा पंचनामा केला व एकूण एकतीस जबाब लिहून घेतले. त्यांतून असे निष्पन्न होते की, मी पडताच साठ मुलांनी माझ्याभोवती गोल कडे केले. कड्यात ज्ञानाची कमतरता नव्हती. एक म्हणाला, प्रथम प्रतिसाद तपासा. दुसरा म्हणाला, गर्दी करू नका, आणि स्वतः आणखी पुढे आला. तिसऱ्याने दाबणे पंधरा की पाच यावर वही उघडली, चौथ्याने वही चुकीची आहे म्हणून स्वतःची उघडली. एक मुलगी म्हणाली, "आधी रुमाल पाहिजे, तोंडावर टाकायला." त्यावर तेवीस रुमाल पुढे आले. एवढे रुमाल कोणाच्या लग्नातही मी पाहिले नव्हते. रुमाल आले, तोंड एकही आले नाही. निदान तसे कबूल करणारे आजपर्यंत एकही आले नाही.

५. आपल्या महाविद्यालयाने दि. २६ जानेवारी २००१ रोजी नाते गावचा विद्यार्थी प्रवीण याचा "श्वासदाता" म्हणून शाल देऊन सत्कार केला. मी नारळ, टोपी घेऊन त्याच्या घरी गेलो. पोरगा माझ्या पाया पडून रडायला लागला. म्हणाला, "आजोबा, मी फक्त मेन स्विच बंद केला. सर म्हणाले तूच ना? मी गप्प बसलो. आई नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती, आता नाही कसं म्हणू?" साहेब, स्विच बंद करणे ही थोडकी गोष्ट नाही. माझ्या अंगाला हात लावायला धावलेला एक जण आधीच उताणा पडला होता. त्या पोराने डोके शांत ठेवले. नारळ-टोपी मी त्यालाच दिली व शाल परत घेऊ नये अशी आपणांस विनंती आहे. परंतु वीज बंद करणारा निराळा आणि वारा सुरू करणारा निराळा. मी दुसऱ्याच्या शोधात आहे.

६. एकतीसही जबाबांत शेवटी एकच वाक्य येते : "त्यानंतर आजी धावत आल्या, अंगावर पडल्या, पदर टाकला आणि आक्रोश करू लागल्या." आजी म्हणजे माझी पत्नी सौ. राहीबाई. पती पडल्यावर पत्नीने अंगावर पडून रडणे ही आमच्याकडची रीतच असल्याने, सदर बाब अर्जाच्या विषयाशी संबंधित नाही म्हणून मी ती सर्व जबाबांतून वगळली आहे. कोण्या विद्यार्थ्याने हे पुण्यकर्म राहीबाईच्या आक्रोशाच्या आधी केले की नंतर, इतकेच ठरायचे बाकी आहे.

७. माझ्या हाती असलेला पुरावा पुढीलप्रमाणे.

पहिला, आवाज. मला नुसते "हैबती" म्हणून, अरे-तुरे करून हाक मारणारी माणसे दोनच. एक माझी आई रंगूबाई व दुसरे त्या वेळचे तहसीलदार साहेब. थोरला भाऊ होता, तो "धाकल्या" म्हणे. आई सन १९७२ मध्ये मयत आहे, दाखला जोडला आहे. तहसीलदार साहेब त्या दिवशी दौऱ्यावर नव्हते. घरी पत्नी मला "अवो" किंवा "ऐकलात का" म्हणते, आणि परक्यासमोर "सुधीरचा बापूस". लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतले तेवढेच. आता शेहेचाळीस वर्षे झाली. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य तेवढे कमी होते असे तिच्या आईने तिला सांगितलेले आहे. विद्यार्थी तर मला "आजोबा" म्हणत. तेव्हा माझे नाव माहीत असून वयाचा मान न ठेवणारा कोणी विद्यार्थी असला पाहिजे. माझा त्याच्यावर राग नाही. मानाने मारलेली हाक मला तिथवर पोचली नसती.

दुसरा, वास. त्या श्वासाला मिश्रीचा वास होता. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची, दातांना लावायची, ती मिश्री. हे मी दुसऱ्या अर्जात कळवल्यावर आपल्या पूर्वीच्या प्राचार्यांनी तंबाखूबंदीची नोटीस लावली आणि मुलांचे खिसे तपासले, असे कळले. तसा माझा हेतू नव्हता. ज्यांच्या पुड्या गेल्या त्यांची मी या अर्जाद्वारे माफी मागतो. मला मिश्री लावणारा विद्यार्थी शिक्षेसाठी नको आहे, नमस्कारासाठी हवा आहे.

८. आपण म्हणाल, म्हातारा जिवंत आहे, दोन वेळ जेवतो, मग नाव कशाला? तर त्याचे कारण असे.

आमच्याकडे नाचाच्या सामन्यात दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यात सवाल घालायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही त्याने ढोलकी उलटी ठेवायची व जवाब सापडेपर्यंत मंडपात तोंड उघडायचे नाही. सन २००१ च्या गौरीत खालच्या वाडीचा शाहीर मुरारी माझ्यासमोर उभा होता. बत्तीस वर्षांत त्याने मला एकदाही बसवले नव्हते. त्या दिवशी त्याने डफावर थाप मारली आणि म्हणाला :

फुंकर कुणाची, पावा कुणाचा, सूर घुमतो रानावरी,
सांग शाहिरा, श्वासाचा ह्या सातबारा कुणाच्या नावावरी?

माणसे हसली. कोतवालाला सातबारा विचारला म्हणून तर जास्तच हसली. साहेब, तलाठी कार्यालयातला प्रत्येक गट नंबर मला पाठ होता. पण माझ्याच छातीतल्या वाऱ्याचा मालक मला सांगता आला नाही. मी ढोलकी उलटी ठेवली. ती आज तीन वर्षे उलटी आहे. तिच्या बुडाखाली उंदराने घर केले. ते मी मोडलेले नाही, निदान कोणीतरी त्यात राहते. मुरारीसुद्धा आता पस्तावला आहे. बाजारात भेटला की म्हणतो, "हैबतराव, कोनाचंबी नाव घाला हो, मी कुठं तपासायला जातोय? समोर कोन नाय तर मी तरी कोनाला हरवू?" परंतु नमनात खोटे नाव घालता येत नाही. नमन ही शपथच आहे. माझे नमन असे आहे :

पहिलं नमन धरणीमायेला, नांगर सोसते अंगावरी,
दुसरं नमन रंगूआईला, दिवा लावला कुडीभितरी,
तिसरं नमन गुरुरायाला, बोल ठेवला जिभेवरी,
चवथं नमन श्वास देणाऱ्या...

इथे जागा रिकामी आहे. नाव दोन अक्षरी असो, पाच अक्षरी असो, मी बसवीन. मुलीचे असले तरी बसवीन.

९. आता आपण पाठवलेल्या सर्वेक्षणाबद्दल. शिबिरानंतर ललिता मॅडमनी आपल्या २४० विद्यार्थ्यांचे "जीवरक्षक प्राथमिक उपचारांविषयी ज्ञान व दृष्टिकोन" या विषयावर सर्वेक्षण केले. मी ते कंदिलाची काच पुसून तीनदा वाचले. पडलेल्या माणसासाठी प्रथम काय कराल, या प्रश्नास १३१ जणांनी "हाक मारून हलवून पाहू" असे बरोबर उत्तर दिले आहे. ३८ जण कांदा हुंगवणार आहेत, २२ जण चप्पल हुंगवणार आहेत, १९ जण गर्दी हटवणार आहेत, आणि ३० जण सरांना विचारणार आहेत. सर पडल्यास कोणाला विचारणार, हा उपप्रश्न मॅडमनी घातलेला दिसत नाही. श्वास थांबल्यावर किती वेळात मदत पोचावी, यावर बहुतेकांनी चार मिनिटे लिहिले आहे; एकाने "एस.टी. येईपर्यंत" असे लिहिले आहे. तो बहुधा आमच्या भागातला असावा.

ज्ञान ठीक आहे. दृष्टिकोनापाशी गाडी अडते. प्रश्न १२ : अनोळखी व्यक्तीस तोंडाने श्वास द्याल काय? हो, ११. नाही, १४०. व्यक्ती कोण आहे ते पाहून, ८९. पुढे कारणांसाठी दोन ओळी सोडल्या आहेत. मुलांनी लिहिले आहे : "मिशी असल्यास नाही." "माझे लग्न ठरले आहे." "घरी कळणार नसेल तर हो." "आधी परीक्षा होऊ द्या." एकाने लिहिले आहे, "आडनाव कळल्यावर ठरवू." ह्या शेवटच्या ओळीपाशी मी कंदील बारीक केला. वारा सावित्रीवरून येतो, गुरांच्या नाकातून जातो, वडाच्या पानातून जातो, मग आपल्याकडे येतो. त्याला कोणी आडनाव विचारत नाही. आणि माणसाच्या तोंडातून आला की तो उष्टा होतो?

तरी मी मुलांना दोष देत नाही. कोतवाल असताना आग लागल्यास काय करावे याचे परिपत्रक मी पंचवीस वर्षे दवंडी पिटून वाचून दाखवले. माझ्या स्वतःच्या गवताच्या उडवीला आग लागली तेव्हा मी घरात परिपत्रक शोधत होतो. उडवी जळाली. परिपत्रक सापडले.

"हो" म्हणणाऱ्या अकरांपैकी नऊ जण शिबिरात नव्हतेच. उरलेल्या दोघांपैकी एक जण त्या वेळी हंडा घेऊन पाणी आणायला गेला होता, व दुसरी मला पडलेला पाहून स्वतः चक्कर येऊन पडली होती. तिला कांदा हुंगवण्यात आला. म्हणजे कागदोपत्री पाहता मला श्वास कोणीच दिलेला नाही व मी मयत आहे. परंतु मी अर्ज करीत आहे. ह्या दोन्हींचा मेळ आपल्या कार्यालयाने घालून द्यावा.

१०. घरातूनही मला मदत नाही, हे खेदाने नमूद करतो. मी अर्ज लिहायला बसलो की राहीबाईला गुरे आठवतात, जळण आठवते, छपराची गळती आठवते. दुसऱ्या अर्जाच्या वेळी दौत सांडली. तिसऱ्या अर्जाचा कच्चा मसुदा चुलीत सापडला, कोपऱ्याचा "महोदय" तेवढा उरला होता. विचारले तर म्हणते, "अवो, मिळाला ना श्वास? मग घ्या नि गप बसा की. धाडनाऱ्याचा पत्ता कशाला पायजे, परत करायचाय का?" मी म्हटले, नमनासाठी पाहिजे. तर म्हणते, "नमनावाचून काय अडतंय? देव उपाशी झोपतोय का?" बाईमाणसाला शास्त्र कळत नाही म्हणून मी सोडून देतो. पण मागच्या महिन्यात ती एकटी गोठा झाडताना माझीच एक जुनी गवळण गुणगुणत होती. मी दारात उभा दिसताच थांबली आणि झाडू आपटून म्हणाली, "काय बघताय? गाय पान्हा सोडत नाय गान्याबिगर." आमची गाय त्या वेळी भाकड होती.

११. सबब, वेळ थोडा आहे. त्या वेळी बारावीला असलेली मुले यंदा पदवी घेऊन बाहेर पडली. कोणी पनवेलला लागले, कोणी मुंबईला. माझा श्वास देणारा असाच एखाद्या कचेरीत बसून फाइली हलवत असेल, आणि इकडे माझी ढोलकी उलटी. म्हणून खालील विनंत्या मान्य व्हाव्यात.

(अ) सदर विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाने शोधून लेखी कळवावे.

(ब) विद्यार्थी लाजत असल्यास ओळख परेड घ्यावी. परीक्षेच्या हॉलमध्ये पडदा बांधावा. पडद्याला एक भोक ठेवावे. अलीकडे मी बसेन. पलीकडून २४० जणांनी हजेरीपटाच्या क्रमाने येऊन माझ्या उजव्या गालावर एकेक फुंकर घालावी. मी खऱ्या फुंकरीस ओळखीन.

(क) येताना सर्वांनी मिश्री लावून यावे, म्हणजे वासात फरक पडणार नाही. मिश्री मी घरून आणीन, आमच्याकडे नेहमी भाजलेली असते.

(ड) फुंकर झाल्यावर प्रत्येकाने "ए हैबती" असे मोठ्याने म्हणावे. वयाच्या मानाबद्दल मी आधीच लेखी सूट देत आहे.

(इ) पदवी घेऊन गेलेल्यांना समन्स काढावे. समन्स बजावण्याचे काम मी स्वतः विनामानधन करीन. मला त्याचा अनुभव आहे. मी समन्स दिलेला माणूस कधी चुकलेला नाही.

वरील सर्व गौरी बसण्याच्या आत व्हावे. यंदाच्या सामन्याला मुरारीने माझ्यासमोरची जागा रिकामी ठेवली आहे, दुसऱ्या शाहिराला बसू दिलेले नाही. मला आणखी किती गौरी मिळतील हे आपल्याला वा मला सांगता येत नाही. श्वास दुसऱ्याचा असला तरी मोजून मिळालेला आहे. तो अर्ज लिहिण्यात जाऊ नये, एवढीच हात जोडून प्रार्थना.

आपल्याच महाविद्यालयाच्या वाऱ्यावर अद्याप चालत असलेला,

हैबती रामजी ढेबे
(सही)
मौजे कोंडमाळ, वरची वाडी
दि. २३ ऑगस्ट २००४

सोबत :
१) आई रंगूबाई हिच्या मृत्यूचा दाखला, खरी नक्कल.
२) एकतीस जबाब (कलम ६ प्रमाणे अनावश्यक वाक्य वगळून).
३) विद्यार्थी प्रवीण याचे पत्र, "मी फक्त स्विच बंद केला".
४) चवथे नमन, अपुरे.
५) बत्तिसावा जबाब. हा अर्ज लखोट्यात घालण्यापूर्वी रीतीप्रमाणे घरी मोठ्याने वाचून दाखवला. कलम ११ (ब) पर्यंत जबाब देणार काटक्या तोडत होती. (क) ला तिने हातातली कोयती खाली ठेवली. (ड) वाचून झाल्यावर तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत खाली उतरवले आहे. अर्जातील विनंत्या खोडल्या नाहीत, कागद चांगला होता. त्या वाचू नयेत.

जबाब

जबाब देणार : राहीबाई हैबती ढेबे, वय ६१. (पतीचे नाव विचारले असता सांगत नाही, अर्जदाराने स्वतः भरले.) समक्ष विचारल्यावरून सांगते ती येणेप्रमाणे :

मी बोलन तसं लिवा. सुधारायचं नाय. मागनं वाचून घेईन अपेक्षाकडनं, नात माझी चौथीत हाय, तिला वाचता येतं.

साहेब, त्या पोरांना बोलवू नका. दोनशे चाळीस पोरं ह्यांच्या गालावर फुंकनार, आनि मिश्री माझी नेनार? वा गो बाई! ती फुंकर त्यातल्या कोनाची नाय. माझी हाय.

त्या दिवशी सकाळी बाईंचा तो गोणपाटाचा बाहुला पडवीत सारखा लोळत होता, म्हनून त्यांनी मला त्याचं डोकं धरून बसवलं. पोरं एकेक येत होती, हसत होती, नळी रुमालानं पुसत होती, नि फू करून पळत होती. तसल्या फुंकरीनं चूल पेटली नसती. मग सगळी जेवायला गेली. बाई हात धुवायला गेल्या. बाहुला माझ्या मांडीवरच. कोन बघत नाय म्हटल्यावर मी नाक दाबून दोनदा फुंकलं. ब्लॅडर टम्म फुगलं. मला हसू आलं. जन्मभर ओली लाकडं पेटवली, ह्याला काय लागतंय?

दुपारी हे पडले. पोरं पंध्रा का पाच म्हनून भांडत होती. ह्यांचं तोंड जांभळासारखं झालेलं. मी पदर टाकला तो रडायला नाय टाकला. माझा थोरला दीर समोर उभा. दिरासमोर नवऱ्याच्या तोंडाला तोंड कसं लावू? म्हनून पदर. आत मी माझं काम केलं. बाईंनी सांगितलेलं, नाव घेऊन मोठ्यानं हाक मारा. "अवो, अवो" केल्यानं कोन उठतंय? अवो तर वाडीतले सगळेच. मी हैबती म्हटलं. अरे-तुरे केलं. माझ्या आयसनं सांगितलेलं तेव्हाच खोटं झालं, नाव घेतलं तेव्हाच आयुष्य वाढलं. पाचव्या फुंकरीला छाती हलली. सातव्याला हे माझ्या तोंडातच खोकले.

मग सांगितलं का नाय, ते इचारतायत. लिवा. मी वढ्यात घसरून पडले, त्याचं गानं झालं. भाकर करपली, त्याची गवळण झाली. रुसून माहेरी गेले नि चौथ्या दिवशी आपली आपन परत आले, ते तर पोलादपूरच्या बाजारात बायका मला बघून म्हनतात. माझं म्हनून घरात काय ऱ्हायलंच नाय, सगळं ढोलकीवर गेलं. म्हटलं, हे एक नाय द्यायचं. हे माझ्यापाशी ठेवायचं. पदराखालचं हाय, पदराखाली ऱ्हाऊ दे.

पन हे गायचेच थांबले. मी एक गोष्ट गान्यातनं लपवली नि घरातनं गानंच गेलं. गुरांमागं जातात तर मुकाट. तीन वर्सं मी वाट बघत होते, आज इसरतील, उद्या इसरतील. हे इसरायचं सोडून अर्ज लिवतायत. ती फुंकर मी गायला दिलेली, अर्ज लिवायला नाय.

तर आता घाला माझं नाव. मुरारीभावजींच्या तोंडावर म्हना, पुटपुटायचं नाय. दीर गेले, आता कोनाची लाज? पन एक सांगून ठेवते. चालीत बसत नाय म्हनून नुसतं "राही" करून सोडाल, तर मी मंडपात उभी ऱ्हाऊन थांबवीन. राहीबाई म्हना, पुरं. दोन अक्षरं वाढतात तर वाढू द्या. तेवढा श्वास मी दिलेला हाय.